दारू दुप्पट, गोळी किती?

सुलतान बाजारातून आबिड्सच्या दिशेने जाणाऱ्याच्या कानी ‘गनफाउंड्री’ हे नाव नित्य पडते. परंतु तेथे एके काळी खरोखरच तोफा ओतल्या जात, हे आपल्यांतील कित्येकांच्या ध्यानी नसते. निजामाच्या चाकरीतील फ्रेंच सरदार मिशेल रेमंड याने १७९५ च्या सुमारास हा कारखाना उभारला. लोक त्यास ‘तोप का सांचा’ म्हणत. त्याच साली खर्ड्याच्या रणांगणी रेमंडच्या पलटणी मराठ्यांसमोर उभ्या होत्या. पुढे १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान व मौलवी अल्लाउद्दीन यांनी रेसिडेन्सीवर चाल केली, तेव्हा आपल्या बाजारानेही बार ऐकले. दारूगोळा या वस्तीला परका नव्हे.

आज हा विषय काढण्याचे कारण निराळे आहे. वाचकहो, आपली मुले-नातवंडे अमेरिकेत वसली आहेत. तेथे पिस्तुलाच्या झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या जपून ठेवून, त्यांत घरीच पुन्हा दारू व गोळी भरण्याचा छंद पुष्कळांना असतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये परवान्यावाचून दारूगोळा तयार करता येत नाही, ही गोष्ट अलाहिदा. पण दारू वाढवावी तितकी गोळी जोरात जाते, ही समजूत मात्र दोन्हीकडे सारखीच आढळते.

या समजुतीची पहिली खरी परीक्षा बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने केली. त्याने लाकडाचा जड ठोकळा टांगला, त्यात गोळी रुतवली आणि ठोकळा किती झुलला ते मोजले. गोळीचे वजन आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग. रुतलेल्या गोळीचा संवेग ठोकळ्यासही मिळतो. म्हणून झोक्यावरून वेगाचा हिशेब लागतो. १७४२ साली त्याचा ग्रंथ निघाला. पुढे हाच गृहस्थ कंपनी सरकारच्या नोकरीत हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरनजीकच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात निवर्तला. त्यानंतर चार्ल्स हटन याने तोफांवर तेच प्रयोग चालविले. निष्कर्ष असा की, गोळा तोच ठेवला तर वेग दारूच्या वजनाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. दारू दुप्पट केली तरी वेग दीडपटीस पोहोचत नाही. दुप्पट हवा असेल तर दारू चौपट लागते. गोळ्यातील ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, हे त्याचे मुख्य कारण. शिवाय जळालेल्या दारूच्या वायूलाही स्वतःला ढकलावे लागते, तो खर्च वेगळाच.

हा नियम काळ्या दारूचा. हल्लीच्या काडतुसांत बिनधुराची दारू असते, आणि तिचा स्वभाव अधिक कोपिष्ट आहे. दाब वाढला की ती जलद जळते, आणि जलद जळली की दाब आणखी चढतो. गोळी पुंगळीत थोडी अधिक खोल बसली, तरी आतली जागा घटून दाब वाढतो. किंचित दारू जास्त पडली तर गोळीच्या संवेगात पडणारी भर अल्प, पण दाब त्याहून कितीतरी चढा. संवेग गोळीला मिळतो; दाब सोसावा लागतो पितळेला आणि मुठीलगतच्या पोलादाला.

संवेग हवाच असेल तर वजनाचा मार्ग आहे. आठ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३५० मीटर वेगाने गेली काय, किंवा सतरा ग्रॅमची १८० मीटरने गेली काय, संवेग जवळपास सारखाच. तेवढाच धक्का पिस्तुलासही मागे बसतो; त्यात वायूचा वाटा आणखी मिळवावा.

मग सुरक्षिततेसाठी दारू अगदी कमीच घालावी, असे कोणी म्हणेल, तर तेही आम्हांस मान्य नाही. छापील कोष्टकातील खालची मर्यादाही वरच्या मर्यादेइतकीच पाळावयाची असते. दारू फारच कमी पडली तर गोळी नळीतच अडकते, आणि तिच्यामागून दुसरी झाडली की नळी फुटते. यात्रेत फुसका बार निघाला तर लोक हसतात. पिस्तुलाचा बार फुसका वाजला, तर तोंड सुरक्षित दिशेला ठेवून थोडे थांबावे, शस्त्र रिकामे करावे आणि नळी मोकळी आहे हे पाहिल्यावाचून पुढची गोळी भरू नये.