घरी परतल्यावरचा पहिला महिना

अँजिओप्लास्टी होऊन दोन-तीन दिवसांत रुग्ण घरी येतो. छातीतली कळ थांबलेली असते, भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते आणि 'चला, सुटलो एकदाचे' असा निःश्वास घरातले सारे सोडतात. मात्र काही जणांना महिना उलटायच्या आत पुन्हा रुग्णालय गाठावे लागते. अमेरिकेतील पाहण्यांत अँजिओप्लास्टीनंतर ३० दिवसांत परत दाखल होणाऱ्यांचे प्रमाण साधारण दहात एक असे आढळले आहे. बायपासनंतर ते त्याहून थोडे अधिक असते.

झुरिच येथे १९७७ साली आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी फुग्याच्या साह्याने पहिली अँजिओप्लास्टी केली. तेव्हापासून तंत्र खूप सुधारले. पण उपचाराने रोहिणीतला अडथळा दूर होतो, मूळ विकार जात नाही, ही गोष्ट आजही तशीच आहे.

धोका कोणाला अधिक?

वय जास्त असलेले, मधुमेही, मूत्रपिंडाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेले आणि हृदयाची पंपाची शक्ती कमी झालेले रुग्ण यांना अधिक जपावे लागते. झटका आल्यावर तातडीने उपचार करावे लागले असतील, तरीही धोका वाढतो. वय किंवा जुने आजार बदलता येत नाहीत. परंतु पुढील गोष्टी घरच्यांच्या हातात असतात.

गोळ्यांची हयगय नको

स्टेंट बसवल्यावर त्यात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेलसारखी दुसरी गोळी देतात. ही जोडी बहुधा सहा महिने ते वर्षभर घ्यावी लागते. 'आता बरे वाटते' म्हणून किंवा दात काढायचा आहे म्हणून ती परस्पर बंद केल्यास स्टेंट अचानक बंद होऊन जिवावर बेतू शकते. उलट, या गोळ्यांमुळे रक्तस्रावही होऊ शकतो. शौचाला डांबरासारखे काळे झाल्यास डॉक्टरांना त्वरित कळवावे. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी घेऊ नये. तिने रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि मूत्रपिंडावरही ताण पडतो.

वजनकाटा आणि जखम

हृदय दुर्बल असेल तर रोज सकाळी वजन करून वहीत लिहावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले, पाय सुजले किंवा उशीशिवाय झोपता येईना, तर शरीरात पाणी साठते आहे असे समजावे. लोणचे आणि पापड ताटातून दूर ठेवणेच बरे.

बायपासनंतर छातीचे हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात; तोवर पाण्याची बादली किंवा नातवंडही उचलू नये. छातीची व पायाची जखम रोज पाहावी. लाली, पू किंवा ताप दिसताच दाखवावे. मधुमेह्यांच्या जखमा चिघळण्याचा संभव अधिक असतो.

डिस्चार्ज कार्डावरील प्रत्येक गोळीची वेळ घरातल्या एकाने तरी नीट समजून घ्यावी. गावी जाताना ते कार्ड आणि पुरेशा गोळ्या सोबत असाव्यात. पुन्हा छातीत दुखू लागले, दम लागला किंवा दरदरून घाम फुटला, तर मात्र 'सकाळी पाहू' म्हणून रात्र काढू नये.