चालण्याचे पैसे

मागचे दोन आठवडे हे सदर नव्हतं. संपादकांना मी "बाहेरगावी" एवढंच कळवलं होतं. खरं कारण सांगितलं असतं तर त्यांनी आमच्या वन्संसारखाच प्रश्न विचारला असता.

वन्संचा प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर आला तेव्हा मी न्यूकॅसलला लेकीच्या स्वयंपाकघरात दशम्या लाटत होते. "वहिनी, तुम्ही चालणार, मग पैसे आम्ही का द्यायचे?"

प्रश्न रास्त होता. मी अंगठा पाठवला आणि दशमी उलटली.

झालं असं, की लेकीच्या शेजारी एक आजी राहतात. त्यांचे यजमान गावातल्या हॉस्पिसमध्ये गेले. हॉस्पिस म्हणजे दवाखाना नव्हे आणि वृद्धाश्रमही नव्हे. बरं होण्याची आशा संपलेल्या माणसाचे उरलेले दिवस कमीत कमी दुखण्यात जावेत, एवढंच तिथे बघतात. सिसिली साँडर्स नावाच्या बाईंनी १९६७मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स सुरू केलं, तिथून ही आजच्या पद्धतीची हॉस्पिसं पसरली. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६पासून आहे. इंग्लंडमधली हॉस्पिसं रोग्याकडून एक पैसा घेत नाहीत. सरकारकडून मिळतो तो खर्चाचा तिसरा हिस्सा, तोही सरासरीने. बाकीची लोकवर्गणी. ती जमवायची तिथली एक रीत म्हणजे कुणीतरी लांब चालायचं आणि ओळखीच्यांनी त्याच्या नावे पैसे टाकायचे.

आजींचं वय ऐंशीच्या पुढे. त्या आमच्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही दोघं रोज संध्याकाळी फिरता ना?"

रोज संध्याकाळी फिरणं आणि १३५ किलोमीटर चालणं यांत फरक आहे, हे ह्यांच्या लक्षात यायच्या आत ह्यांनी होकार दिला होता. लेकीने इंटरनेटवर आमच्या नावाचं पान उघडलं, वर आमचा महाबळेश्वरचा जुना फोटो लावला आणि आकडा लिहिला: एक हजार पौंड.

वाट ठरली हेड्रियनच्या भिंतीची. रोमन बादशहा हेड्रियन याच्या हुकमाने इसवी सन १२२मध्ये ही भिंत बांधायला घेतली. इंग्लंडच्या कमरेला करगोटा बांधावा तशी ती पूर्वेकडून पश्चिमेकडे जाते. तिच्या कडेने चालायची राष्ट्रीय पायवाट २००३मध्ये खुली झाली. न्यूकॅसलजवळच्या वॉल्सएंडला सुरू होते, पश्चिमेला सॉल्वे खाडीवर बोनेसला संपते. मोठ्या बॅगा पुढच्या मुक्कामी पोचवायला गाडी मिळते. पाठीवर फक्त पाणी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि रेनकोट. रेनकोट पाठीवर फार वेळ राहिला नाही, अंगावरच होता.

पहिले दोन दिवस भिंत फारशी दिसतच नाही. तिचे दगड लोकांनी नेले. चर्चला लावले, गोठ्यांना लावले, आणि अठराव्या शतकात लष्कराने रस्ता केला तेव्हा मैलच्या मैल त्याच्या पायात घातले. हे म्हणाले, "म्हणजे आपल्यासारखंच." गावच्या गढीचे चिरे कुणाकुणाच्या जोत्याला आहेत हे ह्यांना तोंडपाठ आहे. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस.

त्या अव्वल कारकुनाला खरं नवल भिंतीचं वाटलं नाही. वाटेचं वाटलं. ही वाट सरळ लोकांच्या शेतातून जाते. गव्हातून, मेंढरांतून, एखाद्याच्या गोठ्याला वळसा घालून. कुंपण आलं की तिथे फाटक, नाहीतर चढून पलीकडे उतरायला लाकडी पायऱ्या. खांबावर ओकच्या फळाची खूण. शेतकऱ्याने ती वाट अडवायची नाही, असा कायदा. हे प्रत्येक फाटकापाशी थांबून कडी न्याहाळत. "वहिवाट," ते पहिल्या दिवशी चार वेळा म्हणाले. बांधावरच्या वहिवाटीसाठी मामलेदारापुढे तीन तीन पिढ्या भांडताना ज्याने पाहिल्या, त्याला दुसऱ्याच्या गव्हातून छाती पुढे काढून चालताना काय वाटत असेल ते मला कळत होतं. तरी एकदा गायींचा कळप वाटेतच उभा होता, तेव्हा कायद्याचा काही उपयोग झाला नाही. आम्ही वीस मिनिटं फाटकामागे उभं राहून त्यांची वाट पाहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी समोरून एक गृहस्थ कुत्रं घेऊन आले. आमच्या टी-शर्टवर हॉस्पिसचं नाव होतं. ते वाचून थांबले. खिशातून पाच पौंडांची नोट काढली आणि म्हणाले, "माझी बायको अकरा दिवस होती तिथे." मग कुत्र्याची दोरी हाताला गुंडाळत, त्या अकरा दिवसांत खिडकीबाहेर कोणते पक्षी येत, ते सांगत राहिले. आम्ही किती चाललो, किती उरलं, हे त्यांनी विचारलं नाही. गेले तेव्हा ह्यांनी छोट्या वहीत लिहिलं: "पाच पौंड, कुत्रेवाले."

असे पुढे पुष्कळ भेटले. मुक्कामाच्या घरची बाई, भिंतीवर चुना मारणारा एक तरुण. पैसे देताना प्रत्येक जण एक नातं सांगायचा: वडील, मावशी, जुना साहेब. माझं माहेर लोणंदचं. ज्ञानोबांची पालखी मुक्कामाला येते तेव्हा आमच्या ओट्यावर पिठलं-भाकरीची पंगत बसते. आई वारकऱ्याच्या पानात भाकरी वाढताना हळूच सांगायची, "माउली, तिकडं गेलात की आमच्या म्हाताऱ्यासाठी एकदा हात जोडा." चालणारा तिला निमित्ताला लागायचा. हे मला आत्ता, मेंढरांच्या लेंड्या चुकवत चालताना सुचलं. वन्संना तेव्हाच कळवायला हवं होतं, पण रेंज नव्हती.

तिसऱ्या दिवसापासून पायाला फोड. दोष माझाच. नवे मोजे लेकीने दिले होते, मी माझे सुती घातले. या वाटेपासून थोडं बाजूला विंडोलांडा नावाचं रोमन ठाणं आहे. तिथल्या चिखलात १९७३पासून लाकडाच्या पातळ फळ्यांवर शाईने लिहिलेली पत्रं सापडत आहेत, काही तर भिंतीच्याही आधीची. त्यातल्या एका पत्रात कुणीतरी ठाण्यावरच्या माणसाला मोजे, दोन जोड चपला आणि दोन जोड आतले कपडे पाठवल्याचं लिहिलंय. हे ऐकल्यावर ह्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं, बोलले काही नाहीत. सदतीस वर्षांच्या संसारात एवढा संयम शिकून झालाय.

मधला टप्पा खरा. काळ्या कड्यावरून भिंत चढते, उतरते, परत चढते. आपल्या सह्याद्रीच्या धारेवर कुणी तट बांधत नेला तर दिसेल तसं. एका खिंडीत सायकामोरचं एकुलतं झाड होतं. सप्टेंबर २०२३मध्ये एका रात्रीत ते कापलं. आता कुंपणातला बुंधा आहे, त्याला कोवळे फुटवे आहेत. तिथे सगळे हळू बोलत होते. खालच्या रस्त्यावरून एक बस जाते, तिचा नंबरच एडी १२२. भिंतीचं साल. ती प्रत्येक चढाला खालून जाताना दिसायची आणि प्रत्येक वेळी माझी निष्ठा डळमळायची.

पाचव्या दिवशी ह्यांचा गुडघा धरला. एरवी हे दहा पावलं पुढे असतात. लग्नानंतर जेजुरीला गेलो तेव्हापासून मी ह्यांची पाठच बघत आले. आता मी पुढे, हे मागे काठी टेकत. विनशील्ड्सचा माथा या वाटेवर सगळ्यात उंच, ३४५ मीटर. तो ओलांडून उतार लागला, आणि मागून आवाज आला.

"आईला मी शेवटचं काचेतून पाहिलं."

मी वळले नाही.

"साडेचार ते पाच भेटायची वेळ. मी पाच वाजून सात मिनिटांनी पोचलो. त्या नर्सला म्हटलं, दोन मिनिटं. ती म्हणाली, उद्या या."

सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली. ते सात मिनिटांचं ह्यांनी कधी सांगितलं नव्हतं, मला नाही आणि त्यांच्या बहिणीलाही नाही. समोर बसून विचारलं असतं तर बोललेही नसते. पुढच्या फाटकापाशी मी कडी धरून थांबले. हे आले, पलीकडे गेले, कडी नीट लागली का ते तपासलं. मग आम्ही उरलेली दशमी खाल्ली. चटणीत पावसाचं पाणी गेलं होतं.

कार्लाईलनंतर जमीन सपाट. खाडीकाठचा रस्ता मोठ्या भरतीला पाण्याखाली जातो, म्हणून आधी भरतीचं वेळापत्रक बघावं लागतं. ते काम अर्थात कारकुनाचं. बोनेसला वाट संपते तिथे एक लाकडी खोपटं आहे, बस्स. या वाटेचं पासपोर्टासारखं एक कार्ड मिळतं, ठिकठिकाणी त्यावर शिक्का मारून घ्यायचा. आमच्या कार्डावर बर्डऑस्वाल्डचा चौकोन कोरा राहिला होता. पावसात आम्ही तिथून नुसतेच पुढे आलो. शेवटचा शिक्का मारताना सुद्धा ह्यांची नजर त्याच चौकोनावर.

न्यूकॅसलच्या गाडीत बसल्यावर फोनला रेंज आली. हे दोन दिवसांपूर्वी मुक्कामाच्या घरून बहिणीशी तासभर बोलले होते, एवढं मला ठाऊक होतं. काय बोलले ते विचारलं नव्हतं.

वन्संचा निरोप होता. "वहिनी, लेकीच्या इथल्या खात्यावर पाचशे एक टाकलेत. आईच्या नावाने लिहा. हे तुमच्या चालण्याचे नाहीत."

लेकीने हिशेब केला, साडेचार पौंडही भरेनात. "पाच करते," ती म्हणाली.

"नको," हे म्हणाले. "आले तेवढेच लिही."

खाली वन्संचा आणखी एक निरोप होता: "पावती पाठवा."