शेवटच्या चारीचे पाणी

पावसाळा सरून रब्बीच्या पेरण्यांचा समय जवळ आला, म्हणजे पैठणच्या डाव्या कालव्याचे पहिले आवर्तन केव्हा सुटणार, या एका प्रश्नाभोवती परभणी जिल्ह्यातील निम्मे संभाषण फिरू लागते. कालवा सल्लागार समितीची बैठक होते, लोकप्रतिनिधी बोलतात, अधिकारी तारखा जाहीर करतात आणि पाणी सुटते. ते सुटते हे खरे. परंतु २०८ किलोमीटर लांबीच्या या कालव्याचा अखेरचा भाग आमच्या जिल्ह्यात आहे, आणि तेथील वितरिकेच्या शेवटच्या चारीवर ज्याची जमीन आहे त्याच्या बांधापर्यंत ते पोहोचेलच, असे छातीठोकपणे कोणी सांगत नाही. धरणच रिकामे असेल तर त्याची निराशा समजण्यासारखी आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले, ते मराठवाडा विसरलेला नाही. पण २०२४ साली नाथसागर भरून वाहिला, दरवाजे उघडावे लागले. शेवटच्या चारीची तक्रार भरल्या धरणाच्या वर्षीही थांबत नाही, याचा अर्थ काय, हा आजच्या विचाराचा विषय आहे.

१८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. डाव्या कालव्याखाली सुमारे १ लाख ४१ हजार हेक्टर क्षेत्र भिजेल, असे आराखड्यात धरले होते. त्या काळी आमच्या वडीलधाऱ्या मंडळींची समजूत अशी की, सरकारने धरण बांधले, कालवा खोदला, म्हणजे पाणी आपोआप उतरत येईल. पाण्याचा धर्मच उताराकडे जाण्याचा. तो धर्म पाण्याने पाळला. वाटेवरच्या माणसांनी मात्र आपापला धर्म निराळा ठरविला.

या स्थितीचे जे स्पष्टीकरण चावडीवर आणि चहाच्या दुकानांत सर्रास दिले जाते, ते असे की वरची माणसे स्वार्थी आहेत, उसाच्या मागे लागली आहेत आणि अधिकारी त्यांना सामील आहेत. यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु एवढ्यावर थांबणे म्हणजे रोगाला शिव्या देऊन औषध घेतल्याचे समाधान मानणे होय. हे स्पष्टीकरण देणाऱ्या शहरी सुशिक्षिताने क्षणभर आपल्या घराकडे पाहावे. नळाला पाणी आले की गल्लीत कोठेतरी टिल्लू पंपाची घरघर सुरू होते. नळजोडास असा पंप लावणे नियमाविरुद्ध आहे, हे लावणाऱ्यास ठाऊक असते. तो चोर नसतो; बहुधा नोकरदार, मुलांच्या शिक्षणाची चिंता वाहणारा सभ्य गृहस्थ असतो. त्याचा युक्तिवाद एवढाच की शेजाऱ्याने लावला आहे, मी न लावला तर माझी टाकी रिकामी राहील. महिन्याभरात सगळ्या गल्लीत पंप बसतात, प्रत्येकाच्या विजेचा खर्च वाढतो, आणि पाणी पूर्वीइतकेच येते. फक्त ज्याला पंप परवडला नाही त्याच्या घरी ते येत नाही. हीच गल्ली दोनशे किलोमीटर लांब कल्पिली म्हणजे डावा कालवा झाला.

अर्थशास्त्राने या प्रकारास ‘फुकट्या प्रवाशाचा प्रश्न’ असे नाव दिले आहे. नाव थोडे उपहासाचे आहे, पण विचार जुना आहे. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७४० साली लिहून ठेविले की, दोन शेजारी मिळून कुरणातील साचलेले पाणी काढून टाकू शकतील, कारण एकाने कुचराई केली तर काम फसेल हे दुसऱ्यास लगेच कळते. परंतु हजार माणसांचे त्या कामी एकमत होणे कठीण, कारण त्यांतील प्रत्येक जण श्रम व खर्च दुसऱ्यावर ढकलण्याचे निमित्त शोधतो. पुढे १९५४ साली पॉल सॅम्युएल्सन यांनी सार्वजनिक वस्तूंची काटेकोर व्याख्या केली. एकाने उपभोगिली म्हणून दुसऱ्याचा वाटा कमी होत नाही, ती सार्वजनिक वस्तू. आमच्या कृषी विद्यापीठाने गेल्या शतकाच्या नवव्या दशकात ‘परभणी क्रांती’ हे भेंडीचे वाण दिले. केवडा रोगास तोंड देणारे ते वाण महाराष्ट्राबाहेरही गेले, पण त्यामुळे परभणीच्या शेतकऱ्याच्या भेंडीतील एकही भेंडी उणी झाली नाही. ज्ञान वाटल्याने सरत नाही. पाणी मात्र सरते. वरच्याने घेतलेला लोट खालच्यास कधीही मिळत नाही. ते भाकरीसारखे आहे.

कालव्याच्या प्रश्नाची खरी गुंतागुंत येथे आहे, आणि ती सहसा कोणी उलगडून सांगत नाही. पाणी भाकरीसारखे, पण कालवा रस्त्यावरच्या दिव्यासारखा. अस्तर दुरुस्त केले, गाळ काढला, दारे नीट बसविली, तर त्याचा लाभ पैसे देणाऱ्यास होतो तसा न देणाऱ्यासही होतो. म्हणून दुरुस्तीसाठी पदर सैल करावयास कोणी उत्सुक नसतो आणि पाणी ओढावयास मात्र सर्व उत्सुक असतात. शेवटच्या शेतकऱ्यास पाणी येत नाही, म्हणून तो पाणीपट्टी भरत नाही. त्याचे चुकते असेही कोणास म्हणता येणार नाही. वरचा भरत नाही, कारण न भरताही त्याला पाणी मिळते. वसुली नाही म्हणून दुरुस्ती नाही. दुरुस्ती नाही म्हणून कालव्याची वहनक्षमता घटते. ती घटली की पुढची पाळी वेळेवर येण्याचा भरवसा उरत नाही. आणि भरवसा नाही म्हणून वरचा शेतकरी आजच दुप्पट पाणी घेऊन ठेवतो. यात प्रत्येकाचे वागणे त्याच्यापुरते शहाणपणाचे आहे, आणि सर्वांचे मिळून आत्मघाताचे.

१९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने सामायिक कुरणाची शोकांतिका वर्णिली. कुरण सर्वांचे असले की प्रत्येक जण एक जनावर अधिक सोडतो आणि अखेर कुरण उजाड होते. त्यानंतर दोनच उपाय लोकांच्या तोंडी झाले: एक तर सरकारी दंडुका, नाही तर खासगी मालकी. आपल्याकडे अजूनही वाद घालणारे या दोहोंतूनच एक निवडतात. परंतु एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने १९९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्वित्झर्लंडची कुरणे, स्पेनचे पाट, फिलिपाइन्समधील पाणीसंघ अशी उदाहरणे तपासून दाखविले की, शतकानुशतके सामायिक ठेवा सांभाळणारी माणसे जगात आहेत, आणि ती दंडुक्यावाचून व मालकीवाचून सांभाळतात. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तो मान मिळविणारी ती पहिली स्त्री.

त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या नेपाळमधील अभ्यासात जे आढळले, ते जायकवाडीच्या प्रत्येक अभियंत्याने वाचावे असे आहे. शेतकऱ्यांनी दगडमातीचे बंधारे घालून चालविलेल्या पाटांत शेवटच्या शेतापर्यंत पाणी अधिक चांगले पोहोचत होते. सरकारी खात्याने पक्के बांधकाम करून चालविलेल्या पाटांत ते कमी पोहोचत होते. कारण मोठे मार्मिक आहे. कच्चा बंधारा दर पावसाळ्यात वाहून जातो, आणि तो पुन्हा घालावयास वरच्या शेतकऱ्यास खालच्याचे हात लागतात. हात हवेत, म्हणून पाणी द्यावे लागते. सिमेंटचा बांध झाला, त्या दिवशी वरच्याची खालच्याशी असलेली गरज संपली, आणि गरजेबरोबर भीडही संपली.

आमच्या मते डाव्या कालव्याचे मर्म हेच आहे. धरण सरकारचे, कालवा सरकारचा, दुरुस्ती सरकारची. मग पैठण-अंबडकडील शेतकऱ्यास पाथरी-मानवतच्या शेतकऱ्याची गरज कशासाठी भासावी? त्यांचा एकमेकांशी व्यवहारच नाही. दोघांचाही व्यवहार खात्याशी आहे, आणि खाते कोणाचेच नातलग नव्हे. शेजपाळीच्या पद्धतीत टोकाकडून मुखाकडे भिजवीत यावे, असा उत्तम संकेत कागदावर आहे. पण तो पाळला गेला की नाही, हे मुखाजवळच्या माणसाला विचारण्याचा अधिकार टोकाच्या माणसाला कोणी दिला आहे?

आमच्या पूर्वजांना हे कळत नव्हते असे नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी तीनचारशे वर्षे चाललेली फडपद्धती याची साक्ष आहे. बंधाऱ्याखालचे क्षेत्र फडांत वाटलेले, एका फडात एकच पीक, आणि पुष्कळांची जमीन निरनिराळ्या फडांत विभागलेली. पाणी कमी पडले तर एखादा फड त्या वर्षी पडीक ठेवावयाचा. म्हणजे तूट सर्वांच्या वाट्यास येई, टोकाच्या एकट्याच्या नव्हे. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे, राखणीचे जागल्याचे; मालकाने स्वतः दार उघडावयाचे नाही. पुढे नद्यांवर धरणे झाली, विहिरी वाढल्या आणि फड क्षीण झाले, हे दुर्दैव. परंतु त्यातली युक्ती जुनी झालेली नाही.

शाळेत शिकवीत असतानाची एक क्षुल्लक गोष्ट येथे आठवते. वर्गाबाहेरचा माठ सारे पीत आणि भरीत कोणीच नसत. आम्ही वर्षभर उपदेश केला, त्याचा काडीइतका उपयोग झाला नाही. मग एका विद्यार्थ्याने सुचविले की रांगेवार पाळी लावून ती फळ्यावर लिहावी, आणि जी रांग माठ भरील तिने त्या दिवशी शेवटी पाणी प्यावे. दुसऱ्या दिवसापासून माठ काठोकाठ भरू लागला. नैतिक शिक्षणाच्या तासाबद्दलचा आमचा आदर तेव्हापासून थोडा कमी झाला आहे.

नाशिक जिल्ह्यातील वाघाड धरणावर साधारण अशाच युक्तीने काम झाले. तेथे १९९१ च्या सुमारास संघटित झाले ते ओझरकडील टोकाचे शेतकरी, ज्यांना त्यापूर्वी कालव्याचे पाणी जवळजवळ मिळतच नव्हते. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने त्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या. खात्याकडून पाणी मोजून घ्यावयाचे, आत वाटप व वसुली संस्थेने करावयाची. ते यश पाहून वरचेही संघटित झाले, आणि अखेर सबंध प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आले. २००५ साली महाराष्ट्राने सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा केला. त्यात लघुवितरिका, वितरिका, कालवा आणि प्रकल्प अशा चारही पातळ्यांवर संस्थांची तरतूद आहे. कायदा चांगला आहे. परंतु मोजमाप करणारे यंत्र नसेल, किंवा बसवून मोडले असेल, तर घनमापनाने पाणी देण्याची भाषा निरर्थक ठरते, आणि संस्था नोंदणीच्या वहीत नांदू लागते. मोजल्याशिवाय वाटा नाही, आणि वाटा निश्चित नसेल तर चोरी कोणती हेही सांगता येत नाही.

आता एक अप्रिय गोष्ट. गोदावरीच्या वरच्या अंगास नाशिक व नगरची धरणे आहेत, आणि ती आमचे पाणी अडवितात ही मराठवाड्याची तक्रार न्याय्य आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ च्या आदेशाने समन्यायी वाटपासाठी माप घातले. ऑक्टोबरच्या मध्यास जायकवाडीत ६५ टक्के साठा नसेल तर वरून पाणी सोडण्याचा प्रश्न उभा राहतो, तो त्या मापामुळे. त्यासाठी मोर्चे निघाले, न्यायालयात झुंज झाली. हे सर्व योग्यच झाले. परंतु जो न्याय आम्ही नाशिककरांकडे मागतो, तो आमच्याच तालुक्यात वितरिकेच्या मुखाशी बसलेला शेतकरी तीन कोसांवरच्या आपल्या भावकीला देतो काय? नदीच्या हिशेबात आम्ही टोकाचे, चारीच्या हिशेबात आमच्यातलेच पुष्कळ मुखाचे. समन्यायाचा उच्चार वर तोंड करूनच करावयाचा, हा पायंडा बरा नव्हे.

आणि शहरवासीयांनी यातून आपली सुटका झाली असे समजू नये. राहटीच्या बंधाऱ्यावर विसंबलेल्या परभणीने आता येलदरीच्या पाण्याचा आधार घेतला आहे. तरीही नव्या वसाहतीत घराचा पाया खणण्यापूर्वी बोअर घेण्याची चाल पडली आहे. खाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी साठते ते भेगांत, आणि तेही थोडके. शेजाऱ्याने दोनशे फूट खणले म्हणून आपण तीनशे खणतो, आणि दोघेही एकाच भेगेतले पाणी ओढीत असतो. २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध घातले. ते किती जणांस ठाऊक आहेत, हे वाचकांनी आपल्या ओळखीच्या बोअरवाल्यास विचारून पाहावे. लॉस एंजेलिसच्या किनाऱ्यालगत असाच उपसा होऊन समुद्राचे खारे पाणी विहिरींत शिरू लागले, तेव्हा उपसणाऱ्यांनी न्यायालयासमोर बसून आपापला वाटा कमी करून घेतला आणि त्यावर देखरेखीस माणूस नेमला. ऑस्ट्रॉमबाईंचा पहिला प्रबंध त्यावरच होता.

कालवा सल्लागार समितीकडे आमचे मागणे फार मोठे नाही. आवर्तनाच्या तारखा जाहीर होतात, तशा प्रत्येक वितरिकेच्या मुखाशी किती पाणी सोडले आणि तिच्या शेवटच्या चारीवर किती दिवस, किती पाणी पोहोचले, या दोन आकड्यांची यादी दर पाळीनंतर प्रसिद्ध व्हावी. ज्या गावच्या संस्थेपाशी स्वतःची नोंद असेल तिने ती खात्याच्या नोंदीशेजारी ठेवावी. जेथे दोन्ही आकडे जुळणार नाहीत, तेथे समितीची पुढची बैठक कार्यालयात न होता त्या चारीच्या बांधावर व्हावी. या पत्रात ही यादी पानाचे भाडे न घेता छापली जाईल, आणि पहिल्या आवर्तनापासूनच तिच्यासाठी जागा राखून ठेविली आहे.