गंज हत्याराला, शिक्षा हाताला का?

भावांनो, समुद्रकाठच्या साइटवर काम करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. रात्री पुसून ठेवलेली थापी सकाळी तांबूस झालेली असते. दुबई-शारजाची हवा दमट आणि वर खारी. लोखंडाला गंजायला आणखी काय लागतं? गंज येणारच. तो काढायचा कसा आणि त्याची किंमत कोणी मोजायची, एवढाच प्रश्न आहे.

आधी माझी चूक सांगतो. सुपरवायझर झालो त्याच वर्षीची गोष्ट. स्टोअरमधले पाने, पकडी, छिन्न्या गंजून गेल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्शन होतं. मी एका हेल्पर पोराला टाइल्स धुवायचं ॲसिड दिलं आणि म्हणालो, "आजच्या आज चकाचक कर." स्टोअर म्हणजे पत्र्याचा कंटेनर, एसी चालू म्हणून दार लावलेलं. हातात साधे सुती ग्लोव्हज. अर्ध्या तासात पोरगा खोकत बाहेर आला, बोटं लालभडक झालेली. तक्रार केली नाही. उलट मलाच म्हणाला, "साहेब, थोडंच राहिलंय."

ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. डिप्लोमा माझ्याकडे होता, त्याच्याकडे नव्हता. ॲसिडची वाफ बंद खोलीत छातीत जाते, सुती ग्लोव्हज ते शोषून कातडीला चिकटवून ठेवतात, हे मला कळायला हवं होतं. आणि हत्यारांचं काय झालं? आठवड्यात परत गंजली. ॲसिडचा अंश राहिला की लोखंड आणखी लवकर गंजतं, त्याच्या वाफेने शेजारची चांगली हत्यारंही गंजतात.

मग करायचं काय? उपाय बकाल्यात मिळतो. साधा पांढरा व्हिनेगर घ्या. किंवा लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, एक लिटर पाण्यात साधारण ५० ग्रॅम. प्लास्टिकच्या बादलीत हत्याराचं लोखंड बुडेल एवढं घ्या. लाकडी मूठ बाहेर राहू द्या. काही तास ठेवा, गंज जाड असेल तर रात्रभर. मग तारेच्या ब्रशने घासा, पाण्याने धुवा, खायचा सोडा घातलेल्या पाण्यात एकदा बुडवून काढा, परत धुवा. लगेच कोरडं पुसा आणि तेलाचा हात फिरवा. तेल विसरलात तर सगळी मेहनत वाया.

सौम्य असलं तरी तेही आम्लच. रबरी ग्लोव्हज आणि चष्मा घाला, काम मोकळ्या हवेत करा. त्यात कपडे धुवायचं ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. जस्ताचा मुलामा असलेल्या वस्तू बुडवू नका, मुलामा निघून जातो. आणि सेफ्टी बेल्टचा हूक, शॅकल, वजन उचलायची साखळी गंजली असेल तर ती घरगुती उपायाने चमकवायचीच नाही. बाजूला काढा, सेफ्टीवाल्याला दाखवा, बदलून मागा. त्यावर माणसाचा जीव लटकतो.

आता हक्काचं. डब्यावर लाल चौकटीत हातावर आणि धातूवर थेंब पडून ते झिजतंय असं चित्र दिसलं, तर ते कातडी जाळणारं रसायन आहे. ते समजायला इंग्रजी यावं लागत नाही. असा डबा कोणी हातात दिला तर योग्य ग्लोव्हज, चष्मा आणि मोकळी जागा मागा. हे मागणं म्हणजे उद्धटपणा नाही. कामगाराला संरक्षणाची साधनं देणं ही इथल्या कायद्याने मालकाची जबाबदारी आहे. अंगावर उडालंच तर भिजलेला कपडा काढून वाहत्या पाण्याखाली १५-२० मिनिटं धरा, मग डॉक्टर.

दुसरी गोष्ट पगाराची. "हत्यार गंजवलंस, पैसे कापतो," हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलंय. यूएईच्या २०२१ च्या कामगार कायद्यात हत्याराच्या नुकसानीसाठी कपात करता येते, पण ती कामगाराच्या चुकीमुळे नुकसान झालं असेल तरच. तीही महिन्याला ५ दिवसांच्या पगारापेक्षा जास्त नाही. जास्त कापायचं तर कोर्टाची परवानगी लागते. समुद्राच्या हवेने चढलेला गंज ही तुमची चूक कशी? म्हणून हत्यार घेताना आणि परत करताना मोबाइलवर फोटो काढा, तारखेसकट. अडचण आलीच तर दुबईतल्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा ८००४६३४२ हा टोल फ्री नंबर सेव्ह करून ठेवा.

आणि माझ्यासारख्या सुपरवायझर, फोरमन मंडळींना एकच सांगणं. व्हिनेगरला एक रात्र लागते, ॲसिडला अर्धा तास. ती एक रात्र आधी काम सांगायचं, एवढंच आपल्याला करायचं आहे. स्टोअरला नवा पाना मागवता येतो. त्या पोराचे हात घेऊन त्याला घरी परत जायचंय.