सही विद्यार्थ्याची, जबाबदारी कोणाची?

प्रवेशाचा हंगाम सुरू झाला. खिडकीपुढे रांग, वडिलांच्या हातात गुणपत्रिकांची फाइल आणि कारकुनाने पेन्सिलीने फुली मारून ठेवलेल्या जागी मुलीची सही, तिच्याखाली पालकाची. वाचत बसायला मागचे लोक वेळ देत नाहीत. कागदांच्या या गठ्ठ्यात रॅगिंगविरोधी हमीपत्र सगळीकडेच असते. काही संस्थांत आता दुसरेही असते: आंदोलनात भाग घेणार नाही, अशी हमी देणारे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०२४ मध्ये नव्या विद्यार्थ्यांकडून अशीच हमी मागितली. राजकीय, व्यवस्थाविरोधी, देशभक्तीशी विसंगत चर्चा, मोर्चे, धरणे यांपासून दूर राहण्याची.

विषय निघाला की प्रशासन विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेचा आणि परिसरातल्या शांततेचा हवाला देते. तेव्हा हे दोन्ही कागद एकदा शेजारी ठेवून वाचायला हवेत.

रॅगिंगविरोधी हमीपत्रामागे मृत्यू आहेत. २००९ च्या मार्चमध्ये हिमाचलमधल्या टांडा वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा मारहाणीत जीव गेला आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगविरोधी नियमावली काढली. रॅगिंग कशाला म्हणायचे हे तिच्यात एकेक कृती नमूद करून सांगितले आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती संस्थेलाही बांधते. फौजदारी गुन्हा दिसत असेल तर माहिती मिळाल्यापासून चोवीस तासांत पोलिसांत तक्रार नोंदवणे ही संस्थाप्रमुखाची जबाबदारी. कुचराई केली तर संस्थेचे अनुदान, संलग्नता धोक्यात. महाराष्ट्राने तर दहा वर्षे आधीच, १९९९ मध्ये, कायदा केला होता. दोषी विद्यार्थ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, आणि तक्रारीकडे काणाडोळा करणाऱ्या संस्थाप्रमुखाने गुन्ह्याला साहाय्य केले असे मानण्याची तरतूद.

आता दुसरा कागद. ‘व्यवस्थाविरोधी’ म्हणजे काय? वसतिगृहातल्या पाण्याची तक्रार त्यात येते का? शुल्कवाढीविरुद्धचे निवेदन? उत्तर कागदावर नाही. ते वेळ येईल तेव्हा प्रशासन ठरवणार. बदल्यात संस्था कसलीच हमी देत नाही. सभेला जागा देऊ, बोलणाऱ्याला संरक्षण देऊ, कारवाईआधी बाजू ऐकून घेऊ, यातले एकही वाक्य तिथे सापडत नाही. पहिला कागद दुबळ्याच्या बाजूने उभा राहतो, दुसरा खुर्चीच्या.

ही एकतर्फी वृत्ती प्रत्यक्षात कशी वागते ते पुण्याने पाहिले आहे. २ फेब्रुवारी २०२४ रोजी पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात रामलीलेतल्या नटांच्या पडद्यामागच्या गोष्टीवरचे विद्यार्थ्यांचे नाटक अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेच्या कार्यकर्त्यांनी बंद पाडले. त्यानंतर अटक झाली ती विभागप्रमुखांना आणि पाच विद्यार्थ्यांना. जामीन दुसऱ्या दिवशी मिळाला आणि त्याच दिवशी केंद्राची तोडफोडही झाली. नाटक आवडले नाही तर बाहेर निषेध करण्याचा, पत्रक काढण्याचा हक्क विरोधकांनाही होताच. पण त्या संध्याकाळी असुरक्षित कोण होते, हे ओळखायला समितीची गरज नव्हती.

मे २०२५ मध्ये पुण्यातल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीला समाजमाध्यमावरच्या एका मजकुरासाठी काढून टाकले. मजकूर तिने लगेच हटवला होता, माफी मागितली होती. तरीही ती तुरुंगात गेली, परीक्षा बुडू लागली. मुंबई उच्च न्यायालयाने महाविद्यालयाला खडसावले, निष्कासनाला स्थगिती दिली आणि तिला सोडायला लावले. बाजू ऐकून न घेता केलेली कारवाई टिकत नाही, हे प्राचार्यांना न्यायालयाने सांगावे लागले.

परिसरात वाटेल ते चालावे, असे कोणी म्हणत नाही. ग्रंथालयाचे दार अडवणे, परीक्षेला जाणाऱ्याला रोखणे, एखाद्या विद्यार्थ्याला त्याच्या जातीवरून, धर्मावरून हेरून छळणे, हे थांबवलेच पाहिजे. पण आंदोलन आणि सुरक्षितता यांना एकमेकांविरुद्ध उभे करणाऱ्यांनी मुंबईच्या नायर रुग्णालयातल्या निवासी डॉक्टर पायल तडवी यांचे प्रकरण आठवावे; वरिष्ठांनी जातीवरून छळल्याची त्यांच्या कुटुंबाची तक्रार होती. २०१९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा होता, नियमावली होती, हमीपत्रेही होती. तरीही २२ मे रोजी पायल यांनी आत्महत्या केली. त्यांचे आईवडील आणि शेकडो लोक नायर रुग्णालयासमोर ठिय्या देऊन बसले, आणि त्यानंतर तीन वरिष्ठ डॉक्टरांना अटक झाली. आंदोलनबंदीच्या कागदाने त्या ठिय्यालाही मज्जाव केला असता.

खुल्या विद्यार्थी निवडणुका व्हायला हव्यात, ही या स्तंभाची भूमिका आहे. ती पुन्हा मांडण्याची वेळ आली आहे. १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, १९९४ पासून खुल्या निवडणुका बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने त्या परत आणल्या, २०१९ मध्ये जाहीर झाल्या आणि विधानसभा निवडणुकीचे निमित्त करून पुढे ढकलल्या गेल्या. निवडून आलेले प्रतिनिधी असते तर दुसरा कागद छापण्याआधी कुलगुरूंना कोणाला तरी विचारावे लागले असते.

पालकांनी या आठवड्यात एवढे करावे. रांग थांबली तरी चालेल, दोन्ही कागद पूर्ण वाचावेत. दुसऱ्यावर सही मागितली तर संस्थेचीही सही मागावी: बाजू ऐकल्याशिवाय मुलीला काढणार नाही आणि तिच्यावर जमाव चालून आला तर पोलिसांत तक्रार आम्ही देऊ, एवढे लिहून.