धरणासही मुदत हवी

कोयनानगरास जाऊन शिवसागराचा विस्तार पाहणारा मनुष्य बहुधा थक्क होऊन परततो. १०३ मीटर उंचीची भिंत, सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस वळविलेले पाणी, सर्व टप्प्यांची मिळून १९६० मेगावॉट वीज! या पराक्रमाचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु ज्यांच्या घरादारांवर हा सागर पसरला, त्यांच्याशी कोणी करार केला होता काय, असे विचारताच अभिमानी मंडळी मौन धरितात.

वर्गात ‘करार’ या शब्दाचा अर्थ सांगताना आम्ही दोन पक्ष गृहीत धरतो. येथे दुसरा पक्ष विचारातच घेतला गेला नाही. धरण १९६४ साली पुरे झाले. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने केला तो १९७६ साली! त्याच साली बच्छावत लवादाचा अंतिम निवाडा प्रसिद्ध झाला. कोयनेचे वर्षास ६७.५ अब्ज घनफूट पाणी पश्चिमेस वळविण्याची मुभा त्याने दिली आणि ३१ मे २००० नंतर फेरविचारास वावही ठेविला. त्याप्रमाणे २००४ साली नवा लवाद नेमला गेला. राज्यांस दुसरी सुनावणी मिळाली. उठविलेल्या गावांस मात्र पहिलीही नाही.

अमेरिकेत टॅकोमा नगरीस कुशमन येथील जलविद्युत् प्रकल्पासाठी १९२४ साली परवाना मिळाला, तो ५० वर्षांचा. मुदत सरल्यावर स्कोकोमिश या आदिवासी जमातीने आपला दावा नेटाने लढविला. अखेर २००९ साली समेट झाला: नदीस पाणी, जमातीस जमीन, आणि एका वीजगृहाच्या उत्पादनमूल्यात सव्वासात टक्के वाटा. २०१० साली परवान्यास नवे रूप मिळाले. न्याय फार उशिरा आला, हे खरे. परंतु मुदत होती म्हणूनच दार ठोठावता आले.

‘अशा वाटाघाटींनी राष्ट्राचे दिवे विझतील,’ असा आक्षेप येईल. टॅकोमाचे दिवे विझले काय? आमच्याकडे धरण सरकारचे, म्हणून परवान्याची गरज नाही, असेही कोणी म्हणेल. सरकार मालक असेल तर त्याने अधिक न्यायी असावे, कमी नव्हे.

आमचे मागणे एवढेच की, कोयनेच्या वापरास ठराविक मुदत असावी. ती संपताच विस्थापितांची पुढची पिढी, टेंभू-ताकारी-म्हैसाळच्या पाण्याकडे डोळे लावून बसलेला सांगलीचा शेतकरी आणि सरकार यांनी एका बैठकीवर बसून हिशेब पुन्हा मांडावा. दाम एकदाच मोजावयाचा आणि पीक पिढ्यानपिढ्या काढावयाचे, यास व्यवहार म्हणत नाहीत.