टाटा-एअरबस वडोदऱ्याला गेलं, मग वर्ध्याच्या पोरांनी काय मागायचं? २२ हजार कोटींचा हिशोब समजून घ्या

"टाटा-एअरबसचा २२ हजार कोटींचा प्रकल्प नागपूरला येणार होता, तो गुजरातने पळवला." विदर्भात निवडणूक कुठलीही असो, हे वाक्य कानावर येतंच. त्यावर लगेच दुसऱ्या बाजूचं उत्तर तयार असतं, "तुमच्याच सरकारच्या काळात गेला." मग कमेंटमध्ये जे व्हायचं ते होतं.

या भांडणात वर्धा जिल्ह्याचं नाव कोणी घेत नाही. खरं तर वर्ध्याहून निघालं की नागपूर शहराच्या आधी मिहान लागतं. तिथे विमानाचा कारखाना आला असता, तर वर्धा, सेलू, देवळीची पोरं रोज जाऊन-येऊन काम करू शकली असती. म्हणून हा विषय वर्ध्याच्या बाजूने बघू. प्रकल्प नेमका काय आहे, त्यात नोकऱ्या किती आणि आता हातात काय उरलंय?

आधी हे विमान काय आहे ते बघू

एअरबस म्हटलं की आपल्याला प्रवासी विमानं आठवतात. पण या कंपनीचा एक वेगळा विभाग आहे, एअरबस डिफेन्स अँड स्पेस. २०१४ मध्ये समूहाच्या तीन कंपन्या एकत्र करून तो तयार झाला. लष्करी मालवाहू विमानं, उपग्रह आणि युरोफायटर या लढाऊ विमानातला मोठा वाटा हे त्याचं काम. सी-२९५ हे विमान याच विभागाचं असून ते स्पेनमधल्या सेव्हिल शहरात बनतं.

आपल्या हवाई दलाकडे १९६०च्या दशकापासूनची अ‍ॅव्रो विमानं होती. ती बदलायची होती. ८ सप्टेंबर २०२१ला केंद्राच्या सुरक्षाविषयक समितीने मंजुरी दिली आणि २४ सप्टेंबरला ५६ विमानांचा करार झाला. त्यातली १६ विमानं थेट स्पेनमधून तयार होऊन येणार आणि ४० विमानं टाटा अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम्स ही कंपनी भारतात बनवणार, असं ठरलं.

हे विमान ५ ते १० टन वजन नेतं. एका वेळी ७१ सैनिक किंवा ५० छत्रीधारी सैनिक बसतात. मागचा दरवाजा उघडून हवेतूनच माल टाकता येतो आणि छोट्या, कच्च्या धावपट्टीवरही ते उतरतं. लडाख, अरुणाचलसारख्या भागात याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. भारतातल्या खासगी कंपनीने पूर्ण लष्करी विमान बांधायची ही पहिलीच वेळ. म्हणून या कराराची एवढी चर्चा झाली.

नागपूरचं नाव कुठून आलं?

सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा प्रकल्प गुजरातला गेल्यामुळे महाराष्ट्रात आधीच वातावरण तापलं होतं. त्याच महिन्यात तेव्हाचे उद्योगमंत्री उदय सामंत यांनी टाटा-एअरबसचा प्रकल्प मिहानमध्ये येईल, असं सांगितलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला नितीन गडकरी यांनी टाटा समूहाचे अध्यक्ष एन. चंद्रशेखरन यांना पत्र लिहून नागपुरात गुंतवणुकीचा आग्रह धरला.

आणि २७ ऑक्टोबरला संरक्षण मंत्रालयाने जाहीर केलं की कारखाना वडोदऱ्यात होणार. ३० ऑक्टोबरला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते पायाभरणी झालीसुद्धा. तेव्हा गुजरातची विधानसभा निवडणूक तोंडावर होती.

विरोधकांनी शिंदे-फडणवीस सरकारला धारेवर धरलं. देवेंद्र फडणवीस यांचं उत्तर असं होतं की जागेचा निर्णय २०२१ मध्ये, म्हणजे महाविकास आघाडीच्या काळातच झाला होता. करार त्या काळात झाला, ही गोष्ट खरी आहे. पण निर्णय तेव्हाच झाला असेल, तर सप्टेंबर २०२२ मध्ये उद्योगमंत्री मिहानचं नाव का घेत होते, हा प्रश्न उरतोच.

वडोदऱ्याची एक बाजूही लक्षात घ्यायला हवी. तिथे हवाई दलाचं स्टेशन आहे आणि ही विमानं सगळ्यात आधी मिळालेली ११ क्रमांकाची स्क्वाड्रन तिथलीच. २८ ऑक्टोबर २०२४ला मोदी आणि स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी कारखान्याचं उद्घाटन केलं. स्पेनमधून यायची सगळी १६ विमानं ऑगस्ट २०२५ पर्यंत भारताच्या ताब्यात आली. भारतात बनलेल्या पहिल्या विमानासाठी सप्टेंबर २०२६ची मुदत ठरली.

म्हणजे कारखाना गेला तो गेला. आता तो उचलून कोणी नागपूरला आणणार नाही.

२२ हजार कोटी म्हणजे नेमके कशाचे?

इथे बहुतेक पोस्टचा घोळ होतो. "२२ हजार कोटींची गुंतवणूक गेली" असं आपण म्हणतो. करार २१,९३५ कोटींचा आहे, पण ती ५६ विमानांची खरेदी किंमत आहे. हा पैसा केंद्र सरकार, म्हणजे आपण सगळे, विमानांसाठी देतोय. त्यातली १६ विमानं तर स्पेनमध्येच बनली. त्यामुळे कारखाना मिहानमध्ये आला असता, तरी नागपुरात २२ हजार कोटी ओतले गेले नसते.

आता नोकऱ्या. सरकारच्याच आकड्यांनुसार या प्रकल्पातून ६०० उच्च कौशल्याच्या थेट नोकऱ्या, ३ हजारांहून अधिक अप्रत्यक्ष नोकऱ्या आणि मध्यम कौशल्याच्या आणखी ३ हजार संधी तयार होणार. सुमारे २४० इंजिनीअर स्पेनमध्ये प्रशिक्षण घेणार.

२०११च्या जनगणनेत एकट्या वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या होती सुमारे १३ लाख. ६०० नोकऱ्या कमी नाहीत, पण "विदर्भातल्या पोरांचं भविष्य गेलं" म्हणण्याएवढ्याही नाहीत. खरा आकडा पुढचा आहे.

विमान एका गावात बनत नाही

सी-२९५चे १३,४०० सुटे भाग आणि ४,६०० जोडभाग भारतात तयार करायचे, असं नियोजन आहे. त्यासाठी टाटाने ७ राज्यांतले १२५हून अधिक छोटे-मध्यम पुरवठादार हेरले. विमानाच्या सांगाड्याचे मोठे भाग हैदराबादला जोडायचे, युद्धात बचाव करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि भारत डायनॅमिक्स या सरकारी कंपन्यांनी द्यायची आणि शेवटची जुळणी वडोदऱ्यात करायची.

याचा अर्थ साधा आहे. जुळणीचा कारखाना एकाच शहराला मिळतो, पण सुट्या भागांचं काम कुठल्याही जिल्ह्याला मिळू शकतं. तिथे नोकऱ्या पसरतात.

मग देवळी एमआयडीसीतला एखादा वर्कशॉपवाला उद्यापासून विमानाचा ब्रॅकेट बनवू शकतो का? नाही. अडचण मशीनपेक्षा कागदाची आणि भरवशाची असते. विमानाचा तुकडा कुठल्या धातूच्या कुठल्या लॉटमधून आला, कोणी कापला, कोणी तपासला, याची नोंद वर्षानुवर्षं जपावी लागते. त्यासाठी एएस-९१०० नावाचं दर्जा प्रमाणपत्र लागतं. धातू तापवणं, त्यावर मुलामा चढवणं, आतली चीर न फोडता शोधणं, अशा कामांना नॅडकॅप नावाची वेगळी मान्यता लागते. त्यानंतर नमुन्याचा भाग पास व्हावा लागतो. यात पैसा आणि वेळ दोन्ही जातात, तोवर ऑर्डर शून्य. छोटा कारखानदार इथेच दमतो.

बेळगावने काय केलं?

यातून वाट निघते, हे बघायला लांब जायची गरज नाही. बेळगाव हे काही महानगर नाही. तिथे ओतकाम आणि मशीनकामाची जुनी परंपरा होती. साधारण २००९ पासून तिथे सुमारे २५० एकरांवर विमानांच्या सुट्या भागांसाठी खास औद्योगिक क्षेत्र उभं राहिलं. आज एकस नावाने ओळखली जाणारी कंपनी तिथून एअरबससकट मोठ्या कंपन्यांना भाग पुरवते.

त्यांनी एक गोष्ट नेमकी केली. धातू ठोकून आकार देणं, मशीनवर कापणं, वर प्रक्रिया करणं हे सगळं एकाच आवारात आणलं. तुकडा एका कामासाठी बंगळुरूला आणि दुसऱ्या कामासाठी परदेशात पाठवायचा खर्च वाचला. बेळगावात पूर्ण विमान बनत नाही, तरी विमानामुळे लोकांना काम मिळालंय.

वर्ध्यात संरक्षण क्षेत्र आधीपासून आहे, पण...

"संरक्षण प्रकल्प आला की जिल्ह्याचं भलं होतं" हे वाक्य वर्ध्याने जरा तपासून घ्यावं. कारण पुलगावला लष्कराचं केंद्रीय दारूगोळा भांडार अनेक दशकांपासून आहे आणि ते देशातल्या सगळ्यात मोठ्या भांडारांपैकी एक आहे. ३१ मे २०१६च्या आगीत तिथे दोन लष्करी अधिकाऱ्यांसह १५हून अधिक जणांचा जीव गेला. २० नोव्हेंबर २०१८ला जवळच्या मैदानात जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला आणि ६ जण गेले. मेलेल्यांमध्ये आसपासच्या गावांतले कंत्राटी मजूर होते.

भांडार आपल्या जिल्ह्यात असूनही पेट्या उतरवायचं आणि खड्डे खणायचं काम गावातल्या माणसाच्या वाट्याला आलं. हातात कौशल्याचा कागद नसेल, तर कुंपणाला लागून घर असूनही नोकरी अशीच मिळते. मिहानमध्ये उद्या दहा कारखाने आले, तरी हेच होऊ शकतं. गेटवर सुरक्षारक्षक, कँटीन आणि गाडी चालवणं आपल्याकडे, मशीनवर बाहेरचा माणूस.

मग मागायचं काय?

मिहान रिकामं नाही. दसॉ आणि रिलायन्सच्या संयुक्त कंपनीची पायाभरणी तिथे ऑक्टोबर २०१७ मध्ये झाली आणि ती फाल्कन विमानांचे भाग बनवते. जून २०२५ मध्ये दसॉने जाहीर केलं की फाल्कन २००० या बिझनेस जेटची पूर्ण जुळणी नागपुरात होईल. पहिलं विमान २०२८ पर्यंत देण्याचं उद्दिष्ट आहे. त्याच महिन्यात मॅक्स एरोस्पेस या कंपनीने नागपूरजवळ हेलिकॉप्टर कारखान्यासाठी राज्य सरकारशी ८ हजार कोटींचा सामंजस्य करार केला. सामंजस्य करार म्हणजे इरादा. ती ऑर्डर नाही आणि नोकरीही नाही.

म्हणून पुढच्या वेळी कोणी नेता "प्रकल्प आणला" किंवा "प्रकल्प पळवला" म्हणाला, तर त्याला हे चार प्रश्न विचारा:

१. आकडा गुंतवणुकीचा आहे की खरेदीचा?

२. थेट नोकऱ्या किती आणि त्यासाठी पात्रता काय?

३. त्या पात्रतेचा कोर्स वर्धा, हिंगणघाट, आर्वीच्या आयटीआयमध्ये कधी सुरू होणार? सीएनसी मशीन, धातूची तपासणी, विमानाच्या पत्र्याचं काम, हे शिकवणारा माणूस आणि मशीन आहे का?

४. देवळी आणि बुटीबोरीच्या छोट्या कारखान्यांना प्रमाणपत्राचा खर्च झेपावा म्हणून सरकार सामाईक तपासणी आणि प्रक्रिया केंद्र उभारणार का?

या प्रश्नांची उत्तरं द्यायला दिल्ली लागत नाही. आयटीआय राज्य सरकारच्या, एमआयडीसी राज्य सरकारची. सत्तेत कोणीही असो, वडोदऱ्याकडे बोट दाखवून या दोन गोष्टी टाळता येत नाहीत.

२०२८ ला फार वेळ नाही. आयटीआयचा दोन वर्षांचा कोर्स आणि त्यानंतरची अ‍ॅप्रेंटिसशिप धरली, तर फाल्कनच्या जुळणीवर काम करणारी पोरं आजच वर्गात बसलेली असायला हवीत. त्यातली वर्ध्याची किती, हे आपल्या आमदाराला विचारा.